‘मा रेवा’: एका लोकगीताचे स्थलांतर

लोकगीत नदीचा काठ सोडून ध्वनिमुद्रिकेत आले म्हणजे त्याचे काय उरते, हा प्रश्न ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या वाद्यवृंदाच्या ‘कंदिसा’ (२०००) या संग्रहाने उपस्थित केला आहे. त्यातील ‘मा रेवा’ हे नर्मदाकाठचे पारंपरिक स्तुतिगीत होय. घाटावर अशा गीताला ना कर्ता असतो ना निराळा श्रोता. जो ऐकतो तोच ध्रुवपद उचलतो. मुद्रिकेत मात्र श्रोता अलग पडतो, आरंभ व शेवट कायमचे ठरून जातात. ही हानी गायकांनी ओळखलेली दिसते. सुस्मित सेन यांची गिटार आणि असीम चक्रवर्ती यांचा तबला शब्दांना सजवीत बसत नाहीत. ध्रुवपदाची आवृत्ती हाच गीताचा प्राण मानतात. गोरख पांडे यांचे ‘हिल्ले ले’ आणि ‘कंदिसा’ ही सुरियानी प्रार्थनाही याच समूहस्वराच्या सूत्रात ओवली आहेत.

तथापि गीताचा अर्थ केवळ स्वरात नसतो. जबलपूरजवळचे बरगी धरण १९९० साली पूर्ण झाले आणि अनेक गावे पाण्याखाली गेली. भेडाघाटी धुवांधार आजही कोसळतो. वरच्या अंगाला मात्र पाणी अडलेले आहे. राहुल राम हे नर्मदा बचाओ आंदोलनात वावरलेले. असे असूनही गीतात धरणाचा उल्लेख घुसडलेला नाही. हा संयम मोलाचा वाटतो. वाहत्या पाण्याची स्तुती अडलेल्या पाण्याशेजारी ऐकली की एकही शब्द न बदलता तिचा विलाप होतो. प्रचारगीताला हे साधले नसते. म्हणून या मुद्रिकेचे श्रेय नव्या वाद्यांपेक्षा जुन्या शब्दांवरील विश्वासालाच अधिक द्यावे लागेल.