परक्याचे चरित्र आणि सोबत्याचे मौन

परदेशात जाऊन धर्मकार्य करणाऱ्या पाद्र्यांची आत्मवृत्ते हा इंग्रजी वाङ्मयातील एक जुना आणि विपुल प्रकार होय. आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत तो फारसा वाचला जात नाही. त्यांचा धर्म, त्यांची माणसे, आपणास त्याचे काय, अशी समजूत त्याच्या मुळाशी असते. परंतु ज्या भूमीविषयी ही पुस्तके लिहिली गेली ती पुष्कळदा आपलीच असते; त्यांत वावरणारी कित्येक माणसे आपलीच भाषा बोलतात. म्हणून अशा पुस्तकांची परीक्षा करण्याचा अधिकार, किंबहुना ते कर्तव्यच, आपल्याकडे येते.

या पुस्तकांची खरी कसोटी शांततेच्या काळातील प्रकरणांत लागत नाही. दवाखाना, शाळा, हिवताप, बैलगाडीचा प्रवास यांची वर्णने बहुतेकांस साधतात. देशात राजकीय वादळ उठले, म्हणजे मात्र लेखकास एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते : आपण कोणाच्या बाजूचे? राज्यकर्ते त्याच्या धर्माचे, कित्येकदा त्याच्याच देशाचे. आणि ज्यांची सेवा करावयास तो आला, ते त्या राज्यकर्त्यांविरुद्ध उभे! पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशेतर मिशनऱ्यांकडून सरकारास योग्य तो मान देण्याची व राजकारणापासून अलिप्त राहण्याची हमी घेण्याचा प्रघात हिंदुस्थान सरकारने पाडला होता. मदुरेकडे काम करणारे अमेरिकन मिशनरी राल्फ कीथान यांस राष्ट्रीय चळवळीविषयीच्या सहानुभूतीपायी १९३० साली देश सोडावा लागला. तात्पर्य, मौन हीच त्या काळी मिशनऱ्याची सुरक्षित भाषा होती.

ते मौन मोडणारे काही जण पुण्यातच होते. रेव्हरंड जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ साली नगरकडे ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली आणि पुढे संघाचा आश्रम पुण्यास शिवाजीनगरात आला. युरोपीय आणि एतद्देशीय बंधूंनी एका छपराखाली राहावे, खादी ल्यावी, साधे शाकाहारी अन्न एकत्र बसून खावे, असा तेथील शिरस्ता होता. आम्ही राहतो त्या धायरीपासून हे स्थळ तासाभराच्या वाटेवर आहे. धायरी ही सिंहगडाच्या रस्त्यावरची. येथील शाळकरी मुलासही तानाजीची कथा आणि गडावरील लोकमान्यांचा बंगला ठाऊक असतो. परंतु कायदेभंगाच्या ऐन धामधुमीत याच शहरातून एक इंग्रज पाद्री गांधीजींच्या बाजूने बोलत व लिहीत होता, ही गोष्ट येथे क्वचितच कोणाच्या कानी आलेली असते.

त्या पाद्र्याचे नाव व्हेरियर एल्विन. जन्म १९०२ चा, वडील सिएरा लिओनचे बिशप, शिक्षण ऑक्सफर्डचे. १९२७ च्या अखेरीस ते संघात दाखल झाले आणि लगेच पुढील वर्षारंभी साबरमतीस जाऊन गांधीजींस भेटले. सत्याग्रहाचे तत्त्व ख्रिस्ताच्या शिकवणुकीशी विसंगत नाही, असे प्रतिपादन करणारे 'ख्राइस्ट अँड सत्याग्रह' हे त्यांचे पुस्तक १९३० साली निघाले. विन्स्लो यांच्यासमवेत लिहिलेले 'द डॉन ऑफ इंडियन फ्रीडम' १९३१ साली आले. १९३२ च्या ४ जानेवारीस पहाटे मुंबईच्या मणिभवनात गांधीजींस अटक झाली तेव्हा एल्विन तेथेच मुक्कामास होते. त्याच महिन्यात ते सरहद्द प्रांतातील दडपशाहीची पाहणी करावयास गेले. तेथून त्यांस हाकलून देण्यात आले. ३० जानेवारीस ते मंडला जिल्ह्यातील करंजिया या गोंड खेड्यात येऊन राहिले. त्याच वर्षी इंग्लंडास गेले असता परतीचा परवाना मिळण्यासाठी त्यांस लेखी वचन द्यावे लागले की, आपण गोंडांतील कामापुरतेच राहू आणि राजकीय चळवळीत भाग घेणार नाही. इकडे राजनिष्ठेची शपथ घेण्यास नकार दिल्यामुळे नागपूरच्या बिशपांनी त्यांस धर्मोपदेशाची अनुज्ञा दिली नाही. आणि १९३५ साली त्यांनी चर्चशी असलेला संबंधच तोडला. १९५४ साली ते भारताचे नागरिक झाले. १९६४ साली त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी 'द ट्रायबल वर्ल्ड ऑफ व्हेरियर एल्विन' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. पुढील वर्षी त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

या आत्मचरित्राचा पहिला गुण म्हणजे त्यात हुतात्म्याचा आव नाही. ज्याने आपले कुल, आपला पंथ आणि अखेर आपले नागरिकत्वही बदलले, त्याला स्वतःभोवती तेजोवलय रेखाटण्याचा मोह पडता, तर ते क्षम्य ठरते. एल्विन स्वतःकडे किंचित हसून पाहतात. ज्या चळवळीच्या बाजूने ते उभे राहिले तिच्यातील कडक व्रतस्थपणाही पुढे त्यांस मानवला नाही, आणि हे ते लपवीत नाहीत. बाजू घेणे म्हणजे विवेक गहाण टाकणे नव्हे, हा धडा मिशनऱ्याइतकाच आपल्याकडील देशभक्तांनीही घेण्याजोगा आहे.

परंतु याच ग्रंथात एक उणीव आहे आणि मराठी वाचकास ती विशेष जाणवावी. पुण्याच्या आश्रमात एल्विन यांस शामराव हिवाळे हे मराठी ख्रिस्ती तरुण भेटले. मणिभवनातील त्या रात्री शामराव जवळच होते. करंजियास ते बरोबरच गेले. गोंडांनी एकास 'बडा भाई' म्हटले आणि दुसऱ्यास 'छोटा भाई'. औषधपाणी, शाळा, गावकऱ्यांची भांडणे यांचा पुष्कळसा भार या छोट्या भाईवर होता. आत्मचरित्रात शामरावांविषयी जिव्हाळा ओसंडून वाहतो, कृतज्ञताही आहे. नाही ती त्यांच्या मनाची हकीकत. एल्विन यांस ऑक्सफर्डचा मान सोडावा लागला, हे खरे. पण ऑक्सफर्ड तेथेच उभे होते. मन विटले असते तर बोट इंग्लंडास जातच होती. शामरावांस परत जावयास दुसरा देश नव्हता. मराठी ख्रिस्ती माणसाकडे त्या काळी शेजारीपाजारी सरकारचा आश्रित म्हणून पाहत. तो चळवळीकडे झुकला की मिशनला तो कृतघ्न वाटे. दोन्हीकडून येणारा हा संशय सोसून एक तरुण मंडल्याच्या रानात जातो, हे त्या काळातील मोठेच नाट्य होय. ग्रंथकाराने ते जवळून पाहिले आणि स्नेहाच्या दोन शब्दांवर भागविले.

यावर कोणी म्हणेल की, शामराव मुके नव्हते. हे बरोबर आहे. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर त्यांनी १९४६ साली स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी 'स्कॉलर जिप्सी' हे पुस्तकही काढले. पण ते चरित्र कोणाचे? एल्विन यांचेच! एल्विन यांची १९३६ ची 'लीव्हज फ्रॉम द जंगल' ही दैनंदिनी घ्यावी, तर तीत शामराव पानोपानी भेटतात, परंतु मित्राच्या विनोदबुद्धीला रुचतील अशा रूपात. म्हणजे दोघांच्या लेखण्या मिळून एकाचेच चरित्र सिद्ध झाले. शामरावांची नम्रता वंद्य आहे. परंतु नम्रतेने इतिहासाचे नुकसान होते, हेही नाकारता येत नाही.

हे मौन अटळ होते काय? तसे म्हणता येत नाही, कारण त्याचे उत्तर मराठीत आधीच लिहिले गेले होते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या पाच वर्षांत एका घरात काय काय मोडले आणि काय सांधले गेले, ते त्या बाईंनी सोवळ्याओवळ्याच्या आणि घागरीतील पाण्याच्या भाषेत सांगितले. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार स्थापिला. त्यांचे इंग्रजी चरित्र विन्स्लो यांनी १९२३ साली लिहिले. ते स्नेहाने लिहिलेले आहे. पण टिळकांच्या घरात काय घडत होते हे जाणण्यासाठी आपण आजही लक्ष्मीबाईंकडेच जातो. बाहेरचा सहृदय साक्षीदार कितीही प्रामाणिक असला, तरी आतल्याची जागा त्याला घेता येत नाही.

म्हणून एल्विन यांचे आत्मचरित्र आमच्या वाचकांनी अवश्य वाचावे, असे आम्ही सांगू. वादळात एका परक्याने सरळपणे बाजू घेतली, त्याचा तो पुरावा आहे. परंतु वाचताना बडा भाईच्या खांद्यामागे उभ्या असलेल्या माणसावरची नजर हलू देऊ नये. मिशनच्या शाळांत, दवाखान्यांत आणि छापखान्यांत आयुष्य वेचून, राष्ट्राच्या लढ्याकडे दाटलेल्या कंठाने पाहणारी अशी मराठी ख्रिस्ती कुटुंबे नगर, सोलापूर, पुणे या भागांत थोडीथोडकी नव्हती. त्यांची पत्रे, रोजनिशा आणि घरात सांगितल्या जाणाऱ्या आठवणी जेथे उरल्या असतील, तेथे त्या जतन करून मराठीत प्रसिद्ध होणे अगत्याचे आहे. तोवर या कालखंडाचे जे जे चरित्र हाती येईल, ते अर्धे आहे असे समजूनच वाचावे.