मॅकपेंटच्या फाइली : जतन कशाचं?

आता आपण मॅकपेंटच्या नमुना फाइलींकडे वळू. बिल ॲटकिन्सन यांचा चित्रं काढायचा हा प्रोग्रॅम १९८४ साली मॅकिंतॉशबरोबर आला. चित्राचं पान ५७६ बाय ७२० ठिपक्यांचं. ठिपका काळा किंवा पांढरा, करडा नाहीच. करडेपणाचा आभास नक्षी भरून साधायचा. फाइलीच्या सुरुवातीच्या ५१२ बाइट्समध्ये अशा ३८ नक्षींची जागा राखलेली आहे. आजचे प्रोग्रॅम बहुधा तेवढा भाग ओलांडून फक्त चित्र उचलतात. शिवाय चित्र लहानमोठं करताना खरा करडा रंग त्यात शिरतो. म्हणजे, बघा, आभासाच्या जागी वस्तूच आली! मग आपण जतन केलं ते नेमकं काय? आमचा आक्षेप रूपांतराला नाही. रूपांतर झालं म्हणून मूळ फाइल टाकून देण्याला आहे. चित्र कसं घडलं, हे तीच सांगते.