अमेरिकेच्या नॅशनल बँक नोटा : शिल्लक रक्कम व दुर्मिळता

अमेरिकेंत १८६३ च्या कायद्यानें ज्या बँकांस सनदा मिळाल्या, त्यांनीं सरकारी रोखे खजिन्यांत तारण ठेवून १९३५ पर्यंत आपापल्या नांवानें नोटा काढिल्या. अशा बँका बारा हजारांहून अधिक, आणि प्रत्येकीचा सनद-क्रमांक निराळा. या अफाट पसाऱ्याची हिकमन व ओक्स यांनीं १९८२ सालीं प्रसिद्ध केलेली सूची संग्राहकांस सुपरिचित आहे. तिचा मोठा गुण असा कीं, ती व्यापाऱ्यांच्या ऐकीव गोष्टींवर न रचतां चलन-नियंत्रकाच्या दप्तरांतील आंकड्यांवर उभारलेली आहे. बखर बाजूस सारून अस्सल कागदाकडे वळण्याचाच हा प्रकार होय.

तथापि अस्सल कागद कोणत्या प्रश्नाचें उत्तर देतो हेंहि पाहिलें पाहिजे. सूचींत बँकेगणिक न परतलेल्या नोटांची रक्कम दिली आहे. ती थोडी असली कीं नोट दुर्मिळ, असें अनुमान कित्येक जण काढतात व त्यावर किंमत ठरवितात. आम्हांस तें मान्य नाहीं. न परतलेली नोट म्हणजे उरलेली नोट नव्हे. आगींत जळालेली नोटहि दप्तरीं येणेंच राहते. शिवाय बँक बुडाली तरी तिच्या नोटेचे पैसे खजिना देत असे. मग ती जपून ठेवण्याचें सामान्य माणसास कारण काय? जपली ती बहुधा बँकेच्या अध्यक्षानें किंवा कॅशियरनें, पहिला ताव आठवण म्हणून. यामुळें एखाद्या लहान गांवची १ क्रमांकाची नोट हातीं येते, आणि मागाहूनच्या हजारोंतली एकहि येत नाहीं. अशा अवशेषास त्रैराशिक कसें लागू पडावें?

डॉन केली यांनीं चालविलेली प्रत्यक्ष आढळलेल्या नोटांची गणती या कामीं अधिक उपयुक्त. मात्र तीहि किमान संख्याच सांगते. एका घराण्याची पेटी उघडली कीं ती बदलते.

सह्यांविषयीं एक सूचना. १९२९ पूर्वींच्या मोठ्या नोटांवर सह्या बहुधा लेखणीच्या किंवा शिक्क्याच्या असत, व शाई पुष्कळदां उडून जाते. लोभानें गिरवलेली सही नोटेचें मोलहि घालविते आणि पुरावाहि. पुढील सूचींत प्रत्येक ज्ञात नोटेचा अनुक्रमांक व सहीची स्थिति नोंदवावी.