अंधारातले शेजारी

दिवाळीच्या सुट्टीत घरोघर एक वाद हमखास होतो. फराळ झालेला असतो, दुपार लांबलेली असते, आणि कोणीतरी म्हणते, "सिनेमाला जाऊ या." लगेच दुसरे कोणीतरी म्हणते, "कशाला? दोन महिन्यांत तो घरी येतोच आहे." ह्या दुसऱ्या माणसाची बाजू अलीकडे फार बळकट झाली आहे. चौघांची तिकिटे, जाण्यायेण्याचे रिक्षाभाडे, आणि मध्यंतरात मक्याच्या लाह्यांचा तिकिटाशी स्पर्धा करणारा भाव, एवढा हिशेब मांडला की जाऊ म्हणणारा मनुष्य वरमतो. शिवाय घरचा पडदाही आता पूर्वीसारखा वीतभर राहिलेला नाही. चित्र स्वच्छ, आवाज स्पष्ट. हवे तेव्हा थांबवावे, चहा घ्यावा, पुन्हा सुरू करावे. तेव्हा ह्या वादात घराची सरशी व्हावी ह्यात नवल ते काय?

माझी ह्या हिशेबाविषयी तक्रार नाही. शंका आहे ती निराळीच. थिएटरात पाहिला काय किंवा घरी पाहिला काय, चित्रपट तोच, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. हे कितपत खरे आहे? कादंबरी आगगाडीत वाचली तरी तिचे शब्द बदलत नाहीत. उलट नाटक प्रेक्षकांवाचून होतच नाही. रिकाम्या खुर्च्यांपुढे होते ती तालीम. चित्रपटाची जागा ह्या दोहोंच्या मधे कुठेतरी आहे, आणि ती नेमकी कुठे, हे ज्या त्या चित्रपटावर अवलंबून असते. काही चित्रपटांच्या रचनेतच भोवतालचा अनोळखी जमाव एखाद्या पात्रासारखा योजलेला असतो. ते पात्र गाळून पाहिलेला चित्रपट म्हणजे रामाशिवाय रामायण नव्हे, पण भरताशिवाय तर खासच. आमचे समीक्षक दिग्दर्शकापासून ध्वनिमुद्रकापर्यंत सर्वांचा परामर्श घेतात. आपण तो चित्रपट कोठे आणि कोणाबरोबर पाहिला, एवढे मात्र सांगत नाहीत.

नागराज मंजुळे ह्यांचा 'फँड्री' घ्या. २०१४ च्या फेब्रुवारीत तो महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत लागला. गावाबाहेरच्या वस्तीतला जब्या शाळेतल्या शालूवर मनातल्या मनात जीव टाकून बसलेला आहे, आणि तिच्याच देखत त्याला बापाबरोबर डुकरे धरायला उतरावे लागते. चित्रपटाचा अखेरचा भाग ह्या डुकराच्या पाठलागाने व्यापलेला आहे. गावातले रिकामटेकडे आणि शाळेतली पोरे मजा बघायला जमतात, टोमणे मारतात, हसतात. इकडे पाठलाग करणाऱ्यांची तारांबळ अशी काही होते, की थिएटरातही हसू फुटते. मी पाहिला त्या खेळाला ते चांगले मोठ्याने फुटले होते. मागच्या रांगेतून एकाने शिट्टीसुद्धा मारली.

आणि मग हळूहळू ते हसू आटत गेले. पडद्यावर हसणाऱ्यांची एक रांग होती आणि पडद्यासमोर दुसरी. दोन्ही रांगा एकाच गोष्टीला हसत होत्या. हे ध्यानात यायला प्रेक्षागृहाला थोडा वेळ लागला. ते कोणाच्या आधी ध्यानात आले आणि कोणाच्या मागून, हेही अंधारात ऐकू येत होते. शेवटी जब्या दगड उचलतो आणि भिरकावतो. तो दगड पडद्यावरच्या टवाळखोराला लागताना आपल्याला दिसत नाही. तो थेट आपल्याच दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. ज्या प्रेक्षागृहात घटकेपूर्वी हशा पिकला होता, तिथे त्या दगडाला नेम धरायला माणसे असतात. घरात, दिवाणावर लोडाला टेकून एकट्याने बघणारा मनुष्य डुकराच्या पाठलागाला मोठ्याने हसतच नाही. एकटा माणूस सहसा हसत नाही, तो नुसता बघतो. मग दगड येतो तेव्हा त्याला तो मारण्याचे काही कारणच उरत नाही. "परिणामकारक शेवट" असे म्हणून तो उठतो आणि दिवा लावतो.

ह्याच पाठलागात आणखी एक प्रसंग आहे. डुक्कर आता हाती लागणार, इतक्यात शाळेतून राष्ट्रगीताचे स्वर येतात आणि जब्याच्या घरची माणसे जागच्या जागी ताठ उभी राहतात. डुक्कर निसटते. महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत २००३ सालापासून खेळाच्या आरंभी राष्ट्रगीत होत आले आहे. म्हणजे हा प्रसंग बघणारा प्रेक्षक दीड तासापूर्वी स्वतः असाच ताठ उभा राहिलेला असतो: शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून, हातातली पिशवी सावरत. आपण उभे राहिलो त्यात आपले काय गेले, आणि ह्यांचे काय जाते आहे, ही तुलना दिग्दर्शकाला शब्दांत मांडावी लागत नाही. थिएटरच ती त्याच्यासाठी करून ठेवते. घरी हा प्रसंग कळतो, आणि उत्तमच कळतो. परंतु आपल्या पायांना तो आठवत नाही.

मंजुळ्यांच्याच 'सैराट'विषयी (२०१६) फार लिहून झाले आहे. अजय-अतुलच्या गाण्यांवर लोक खुर्च्यांवरून उठून नाचले, ही हकीकत आता सर्वांना ठाऊक आहे. माझ्या मते त्या नाचण्याचे मोल शेवटच्या चार-दोन मिनिटांत कळते. तिथे आवाजच काढून घेतलेला आहे. तान्हे पोर आईबापांना बघून वळते, त्याची रक्ताची पावले उमटत जातात, आणि कसलाही ध्वनी नाही. जो जमाव तासा-दीड तासापूर्वी नाचत होता, त्यालाच तिथे श्वास ऐकू येईल इतके गप्प बसावे लागते. ही शांतता अर्धी ध्वनिपट्टीची आणि अर्धी माणसांची. घरच्या पडद्यावर तिच्यातला पहिला अर्धा भागच पोहोचतो. दुसऱ्या अर्ध्याच्या जागी कुकरची शिट्टी असते.

आता कोणी म्हणेल, की हे सारे जुन्या थिएटरांचे गोडवे झाले. तसे ते होऊ नयेत अशी माझी इच्छा आहे, कारण त्या थिएटरांतले ढेकूण मला आठवतात. घामट वास, फाटक्या गाद्या, ऐन भरात तुटणारी रिळे, तिकीटबारीपुढची धक्काबुक्की, आणि दारातच दुप्पट भावाने तिकिटे विकणारे ते महाभाग! बायकांना तर ह्याहून पुष्कळ अधिक सोसावे लागे. अंधाराचा फायदा घेणारा शेजारी हाही अंधारातला शेजारीच, हे विसरून चालणार नाही. कित्येक घरांतल्या सुनांना थिएटरचे दार वर्षातून एखाद्या वेळी दिसे, तेही सासूच्या मर्जीने. १९९१ साली विजय कोंडके ह्यांचा 'माहेरची साडी' आला, तेव्हा गावोगावच्या बायका जथ्याजथ्याने गेल्या आणि पदर भिजेस्तोवर रडल्या. जाणकारांनी त्या रडण्याची टिंगल केली. चित्रपट म्हणून तो बेताचाच आहे, ह्याविषयी माझेही दुमत नाही. पण शंभर अनोळखी बायकांत बसून उघडपणे रडण्याची सोय त्यांच्या घरात नव्हती, आणि ती सोय त्या तिकिटात मिळत होती, हे टिंगल करणाऱ्यांच्या लक्षात आले नाही. चांगल्या कथेची गरज होती, तशी त्या अंधाराचीही होती.

आणि घरी बघणे ही गोष्ट तरी सदैव एकच होती काय? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे कितीतरी वर्षे शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट आणि रविवारी हिंदी, असा रिवाज होता. चाळीत एखाद्याकडेच संच असे. सतरंजीवर पोरे, पलंगावर म्हातारी माणसे, दारात उभे राहिलेले बिऱ्हाडकरू, खिडकीच्या गजांना लोंबकळणारी आणखी चार डोकी. यजमानीणबाई चहा विचारून विचारून थकत. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) अशा घोळक्यात पाहिलेल्यांना तो देवळातला प्रसंग आठवेल: आजारी पोराला ओढत घेऊन, हातात वहाण धरून, जिजाई विठोबाला जाब विचारायला जाते. त्या वेळी खोलीतल्या एखाद्या आजीच्या तोंडून "बरोबर आहे तिचं!" असे निघून जाई, आणि दुसरी लगेच "अगं, देवाला असं?" म्हणून तिला दटावी. दामले-फत्तेलालांनी तो प्रसंग जणू ह्याच दोन आज्यांसाठी रचला आहे. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला, तेव्हाही ह्या दोघी तिथे असणारच.

तेव्हा भांडण थिएटर आणि घर ह्यांच्यात आहे, असे मला वाटत नाही. त्या चाळीतली खोली हे एक थिएटरच होते. उलट आजचे मल्टिप्लेक्स हे बरेचसे घर झाले आहे: आडवे होता येणाऱ्या खुर्च्या, जागेवर येणारे खाणे, आणि तिकिटाच्या दराने आधीच निवडून घेतलेले शेजारी. जुन्या थिएटरात पुढच्या स्वस्त रांगा आणि वरची बाल्कनी असा भेद होताच, पण छप्पर एक होते. पुढच्या रांगांची शिट्टी बाल्कनीला ऐकावी लागे, आणि 'फँड्री'सारख्या चित्रपटाला नेमके हेच हवे असते. आता तालुक्याच्या गावी त्या थिएटराचे मंगल कार्यालय किंवा कपड्यांचे दुकान झालेले दिसते. घरात तर काय, आजोबा हॉलमध्ये, सून मोबाईलवर आणि नातू कानांत बोंडे घालून आपल्या खोलीत. एका छपराखाली तीन चित्रपट आणि प्रेक्षक एकेकच.

मात्र ह्या एकेकट्या प्रेक्षकासाठीच जणू घडवलेला एक मराठी चित्रपट माझ्या डोळ्यांसमोर आहे. चैतन्य ताम्हाणे ह्यांच्या 'द डिसायपल'ला २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचे पारितोषिक मिळाले, आणि २०२१ च्या एप्रिलअखेर तो नेटफ्लिक्सवर, म्हणजे परभारे आपल्या घरीच आला. करोनाचे दिवस होते. तक्रारीला जागा नव्हती. शास्त्रीय गायनाची साधना करणारा शरद नेरूळकर रात्रीच्या मुंबईतून मोटारसायकलवर संथपणे जातो आणि कानांत माई ह्या गानतपस्विनीची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकतो. साधनेचे, एकांताचे, उपासमारीचे कठोर बोल. माईंचा तो आवाज सुमित्रा भावे ह्यांचा आहे, आणि चित्रपट आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी थोडेच दिवस, १९ एप्रिल २०२१ रोजी, त्या गेल्या होत्या. हे प्रसंग मी कानांना यंत्र लावून, रात्री, एकट्याने पाहिले. शरद ऐकत होता तसेच मीही ऐकत होतो. थिएटरात हे जवळीकपण साधले असते, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही.

परंतु तोच चित्रपट मैफलींचाही आहे. मोजके श्रोते, त्यांतले दोघे पेंगलेले, एखाद्याचीच मनापासून दाद. गाणारा त्या दादेकडे डोळे लावून बसलेला. अशा ठिकाणी आपल्या आसपासही श्रोते हवे होते. आणि आलापी ऐन रंगात असताना दाराची घंटा वाजली, तेव्हा मी शरदच्या गुरुजींना हातातल्या बटणाने थांबवले आणि दूधवाल्याचे पैसे दिले. उभा जन्म देऊनही गाणे का साधत नाही, ह्याची ही गोष्ट. तिला मी वीस-वीस मिनिटांच्या हप्त्यांनी ऐकून घेतले. शेवटी शरद बायकोमुलीसह लोकलमधून चाललेला असतो आणि डब्यात एक गाणारा भिक्षेकरी तंतुवाद्य छेडीत येतो. डब्यातले कोणी त्याच्याकडे बघते, कोणी बघत नाही. शरद ऐकत राहतो. तीनशे माणसांच्या अंधारात त्या गाण्याचे काय झाले असते, हे पाहायला मला आवडले असते. घरी ते गाणे संपते न संपते तोच श्रेयनामावली कोपऱ्यात आक्रसते आणि भलत्याच कुठल्या चित्रपटाची जाहिरात पडदा व्यापून टाकते.