बालसाहित्य : पुरस्कार आणि संशोधन

बालसाहित्याच्या अभ्यासकांना एकत्र आणणारी आंतरराष्ट्रीय बालसाहित्य संशोधन संस्था १९७० मध्ये स्थापन झाली. दर दोन वर्षांनी भरणारी तिची परिषद या ज्ञानशाखेचे प्रमुख व्यासपीठ होय. जपानमधील ओसाका येथे १९८७ मध्ये सुरू झालेला ग्रिम बंधू पुरस्कारही संशोधकांसाठीच आहे. साहित्य अकादमीचा २०१० पासूनचा बालसाहित्य पुरस्कार मात्र लेखकांचा गौरव करतो. २०२५ मध्ये तो नांदेडचे सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ या कवितासंग्रहास लाभला. या कवितेची बोली, लय व वयोगटानुरूपता यांची चिकित्सा करण्याचे दायित्व नांदेड विद्यापीठाशी संलग्न असलेल्या परभणी जिल्ह्यातील मराठी विभागांवरही येते. बालकांच्या प्रत्यक्ष वाचनाची नोंद न घेता केलेली अशी समीक्षा मात्र अपुरीच ठरेल.