सुरतेची मानवधर्मसभा आणि मंत्रांची परीक्षा

दादोबा पांडुरंग तर्खडकर हे नाव मराठी वाचकांस व्याकरणकार म्हणून परिचित आहे. त्यांचे व्याकरण १८३६ साली निघाले. परंतु याच दादोबांनी उमेदीची काही वर्षे सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून घालविली, आणि तेथे १८४४ साली दुर्गाराम मंछाराम मेहताजी आदी गुजराती स्नेह्यांसह मानवधर्मसभा स्थापन केली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. या सभेची हकीकत मुख्यतः दोन ग्रंथांतून कळते. एक, दादोबांचे आत्मचरित्र; ते अ. का. प्रियोळकरांनी १९४७ मध्ये मोठ्या साक्षेपाने संपादून प्रसिद्ध केले. दुसरा, महीपतराम रूपराम नीळकंठ यांचे १८७९ चे गुजराती दुर्गाराम-चरित्र. आम्हांस दुसरा ग्रंथ अधिक मोलाचा वाटतो. दादोबांचे लेखन हे मागे वळून केलेले स्मरण आहे. महीपतरामांच्या हाती दुर्गारामांनी त्या त्या वेळी लिहून ठेवलेली टिपणे होती, आणि ती त्यांनी पदरचे फार रंग न भरता चरित्रात घेतली.

सभेने जातिभेद, मूर्तिपूजा, विधवांची स्थिती अशा अनेक विषयांस हात घातला. आमच्या वाचकांपैकी कित्येकांस त्यांतील काही मते रुचणार नाहीत, आणि ती रुचावीत असा आमचा आग्रहही नाही. परंतु मंत्रतंत्राविषयी तिने जे केले ते निराळ्या जातीचे आहे. भूत उतरविणारे, मूठ मारणारे, जादूटोणा करणारे यांस दुर्गारामांनी जाहीर आव्हान दिले : मंत्रात सामर्थ्य असेल तर ते चारचौघांसमक्ष दाखवा. येथे शास्त्रार्थ नाही, शिव्याशाप नाहीत. दावा करणाऱ्याने तो सिद्ध करावा, एवढेच मागणे. हे मागणारे नास्तिक नव्हते. एका ईश्वरावर त्यांची पूर्ण श्रद्धा होती, आणि ईश्वराच्या सृष्टीचे नियम कोणा भुव्याच्या पुटपुटण्याने बदलतात हेच त्यांना अपमानास्पद वाटे.

युरोपात चेटकिणींचा छळ विज्ञानाचा उदय होताच थांबला, असे सरसकट लिहिले जाते. ते तितकेसे खरे नाही. पंधराव्या ते अठराव्या शतकांत तेथे सुमारे ४० ते ५० हजार माणसे चेटकाच्या आरोपावरून मारली गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया. ग्रहगतीचे नियम शोधणाऱ्या केप्लरला स्वतःच्या म्हाताऱ्या आईस त्या खटल्यातून सोडविण्यासाठी धडपडावे लागले. १६२१ साली ती सुटली. लंडनच्या रॉयल सोसायटीचा सभासद जोसेफ ग्लॅन्व्हिल तर चेटकिणी खऱ्या आहेत हे सिद्ध करण्यास ग्रंथ लिहीत होता. उलट स्पेनमधील सालाझार हा इन्क्विझिशनचाच एक न्यायाधीश. १६१० साली लोग्रोन्यो येथे सहा जणांस जिवंत जाळणाऱ्या न्यायासनावर तोही बसला होता. पुढच्या वर्षी त्याने बास्क मुलखात गावोगाव फिरून शेकडो जबान्या घेतल्या आणि चेटकाची म्हणून आणलेली मलमे जनावरांवर तपासविली. मलमे निरुपद्रवी निघाली, जबान्या परस्परांशी जुळेनात. पुराव्यावाचून कोणास शिक्षा होऊ नये हे त्याचे म्हणणे १६१४ साली वरिष्ठांनी पुष्कळ अंशी मान्य केले. ज्या संस्थेच्या भयाने आमच्या पूर्वजांनी गोव्यात देव पाठीवर घेऊन नदी ओलांडली, तिच्याच नावाच्या स्पेनमधील संस्थेच्या एका अधिकाऱ्याने शेकडो बायांचे प्राण वाचविले! इतिहास असा सोयीचा नसतो.

या उदाहरणाच्या उजेडात सुरतेच्या सभेचे बळ दिसते, तशी तिची मर्यादाही. तिचा रोख मांत्रिकावर होता. मांत्रिकाने जिचे नाव घेतले तिच्यावर नव्हता. भुव्याची फजिती झाली म्हणजे शहरातला सुशिक्षित हसून घरी जाई. परंतु सुरतेच्या पूर्वेस डांगच्या व खानदेशच्या रानात भिल्ल वस्तीत डाकीण ठरलेल्या बाईस झाडाला उलटे टांगून झोके देत, आणि तिच्या तोंडून कबुली काढीत. तिच्या बाजूने पुरावा मागणारा तेथे कोणी नव्हता. सालाझार आरोपितांच्या दारी गेला. सभेने मांत्रिकास आपल्या दारी बोलाविले. हा भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. अर्थात सालाझारच्या हाती राजसत्ता होती, या बिचाऱ्या शिक्षकांच्या हाती नव्हती, हेही विसरून चालणार नाही.

हा प्रश्न आमच्या घरापासूनही दूर नाही. देवळात कौल घेणे ही आमची रीत आहे, आणि आपल्या कार्याविषयी देवास विचारणाऱ्याने कोणाचे काही बिघडविलेले नसते. परंतु घरातले पोर आजारी पडले असता घाडी जेव्हा शेजारच्या विधवेकडे बोट दाखवितो, तेव्हा तो देवाची वाणी बोलत नसतो, आरोप करीत असतो. आणि आरोपास पुरावा हवा. महाराष्ट्रात २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, जादूटोणाविरोधी कायदा झाला. दुर्गारामांच्या गुजरातेत तो २०२४ साली झाला, म्हणजे सभेनंतर १८० वर्षांनी.

सभा फार टिकली नाही. १८४६ साली दादोबा मुंबईस परतले, १८५२ साली दुर्गारामांची राजकोटास बदली झाली, आणि मागे कोणी उरले नाही. ज्यांस गुजराती वाचता येते त्यांनी महीपतरामांचा ग्रंथ मिळवून मुळातूनच वाचावा. भाषा जुनी असली तरी जड नाही.