‘बूम बूम’ खरंच पडला होता का?

पेटची तयारी करणाऱ्या दोघा-तिघांची एकच तक्रार आहे: ‘रिग्रेशन टू द मीन’ पाठ होतं, पण डोक्यात बसत नाही. आज ते बसवायचा प्रयत्न करतो, पण गाण्यांवरून. नाझिया आणि झोहेब हसन या बहीणभावाचा दुसरा अल्बम घेऊ.

निमित्त झालं घरमालक काकांचं. सिंदी मेघेत मी त्यांच्याच वरच्या खोलीत राहतो. त्यांच्याकडे खोकंभर जुन्या कॅसेटी आहेत. परवा त्यांनी ‘बूम बूम’ लावली आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच निकाल दिला, “पहिली कॅसेट म्हणजे कॅसेट होती बाप्पा. हे पडली.”

आता जरा मागचं सांगतो. 1980 मध्ये ‘कुर्बानी’ आला. त्यातली बाकी गाणी कल्याणजी-आनंदजींची, पण ‘आप जैसा कोई’ बिड्डूचं. बिड्डू मूळचा बंगळुरूचा, लंडनमध्ये जम बसवलेला. 1974 चं ‘कुंग फू फायटिंग’ त्याच्याच हातचं. गाणारी नाझिया तेव्हा शाळकरी पोरगी. तिला फिल्मफेअर मिळालं. 1981 मध्ये भावाबरोबर ‘डिस्को दीवाने’ आला, कुठल्याही सिनेमाच्या आधाराशिवाय, आणि तुफान चालला. 1982 मध्ये दुसरा अल्बम, ‘बूम बूम’. हीच गाणी विनोद पांडे यांच्या ‘स्टार’ सिनेमात घेतली. कुमार गौरव, रती अग्निहोत्री, आपल्या पद्मिनी कोल्हापुरे. सिनेमा आपटला.

काकांचा निकाल तुम्हीही कुठेतरी वाचला असेल: पहिल्यात जादू होती, दुसऱ्यात ओसरली. पण थांबा. पहिल्या अल्बमशी तुलना आपण का करतो? कारण तो चालला म्हणूनच! न चाललेल्या पहिल्या अल्बमांचे दुसरे अल्बम कोण शोधत बसतं? म्हणजे आपण तुलनेसाठी उचललेला आकडाच मुळात टोकाचा आहे. टोकाच्या यशात गुण असतात, तसा योगायोगही असतो. गुण पुढच्या वेळी सोबत येतात, योगायोग येईलच असं नाही. गाल्टनने 1886 मध्ये हेच उंचीबद्दल मांडलं. फार उंच आईबापांची मुलं सरासरीने त्यांच्यापेक्षा थोडी बुटकी निघतात. मुलांचं काही बिघडलेलं नसतं. (कुमार गौरवचंही बघा. 1981 ला ‘लव्ह स्टोरी’, आणि मग प्रत्येक सिनेमाला तीच फूटपट्टी.)

दुसरी भानगड जास्त महत्त्वाची आहे. मी काकांना विचारलं, “गाणी आवडली नव्हती का?” तर म्हणाले, “पिक्चर टुकार होता ना!” झालं. याला म्हणतात कन्फाउंडिंग व्हेरिएबल. अल्बमचं मोजमाप सिनेमाच्या तिकीटखिडकीवर चाललंय. ‘बूम बूम’ या गाण्यासाठी नाझियाला फिल्मफेअरचं नामांकन होतं. पुरस्कार ‘निकाह’साठी सलमा आगाला गेला. नुसतं पडलेलं गाणं तिथवर पोचत नाही.

पण इथेच एक चूक होते, आणि मीही ती केली. ‘घसरण हा आकडेवारीचा खेळ आहे’ एवढ्यावरून अल्बम चांगला ठरत नाही. त्यासाठी तो ऐकावाच लागतो. हेडफोन लावून दोन्ही अल्बम पाठोपाठ ऐकले. माझं मत सांगतो: ‘बूम बूम’ हे गाणं ‘डिस्को दीवाने’च्या शीर्षकगीतापेक्षा सरस आहे. शीर्षकगीत तुम्हाला ओढून नाचायला नेतं. ‘बूम बूम’ला घाई नाही. बासचा ठोका पुढे, सिंथेसायझर थोडासाच, मध्ये भरपूर रिकामी जागा. त्या जागेत नाझियाचा आवाज: मुरकी नाही, हरकत नाही, थोडा अनुनासिक, जवळजवळ सपाट. ‘आप जैसा कोई’मध्ये बिड्डूने तिचा आवाज दोनदा रेकॉर्ड करून एकावर एक चढवला होता, भरदार वाटावा म्हणून. इथे तो सपाटपणा लपवायचा नाही, वापरायचा आहे असं वाटतं. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘डिस्को डान्सर’ आला. तो डिस्को ओरडून सांगतो, हा कानात सांगतो.

पूर्ण अल्बमबद्दल मात्र असं म्हणता येणार नाही. तीन-चार गाण्यांनंतर ड्रमचा तोच तो ठोका कंटाळा आणतो, शब्द बरेचदा नुसते चालीत बसवलेले आहेत, आणि झोहेबचं ‘मुस्कुराए जा’ मला गोड वाटतं पण लक्षात राहत नाही. थोडक्यात, सगळ्यात चांगलं गाणं पहिल्या अल्बमच्या वर, उरलेली थोडी खाली. ‘पडला’ या एका शब्दात हे कसं मावेल?

हे सगळं एवढं लावून धरायचं कारण सांगतो. मी कपाशीच्या मुळांजवळच्या जिवाणूंवर काम करतो. पहिल्या हंगामात जिवाणू लावलेल्या बियांची उगवण इतकी छान आली की सगळ्यांनी पाठ थोपटली. दुसऱ्या हंगामात फरक निम्म्यावर आला. चर्चेत एक ज्येष्ठ म्हणाले, “दुसरा हंगाम कशाला दाखवता? पाऊस लांबला होता म्हणा आणि सोडून द्या.” खरं सांगतो, त्या रात्री मी ती फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये टाकली होती. मोह झाला. पाऊस लांबलाही होता. पण पहिल्या हंगामात तो वेळेवर आला, हे आम्ही कुठे लिहिलं होतं? यशाच्या वेळी पावसाचं नावही काढलं नव्हतं.

फाइल परत आणली. दोन्ही हंगाम आता एकाच तक्त्यात आहेत, पावसाच्या रकान्यासकट. मधल्या आकड्याची मजा कमी झाली आहे. तिसऱ्या हंगामाची पेरणी जूनमध्ये, पाऊस पडला की.